घरच्या व्हिस्की कॉकटेलसाठी एक्स्ट्रा ड्राय व्हर्मूथ: एका बाटलीचे परीक्षण

व्हिस्की, लिंबू आणि व्हर्मूथ यांचे कॉकटेल घरी करायचे म्हटले, तर ठाण्यात व्हिस्कीची अडचण नाही आणि लिंबांची तर नाहीच नाही. गाडी अडते ती व्हर्मूथपाशी. वाईन शॉपमध्ये या प्रकाराच्या फार तर दोन-तीन बाटल्या असतात, त्यांतल्या बहुतेक मार्टिनी या एकाच इटालियन घराण्याच्या असतात, आणि गोड ‘रोसो’ व जेमतेम गोड ‘एक्स्ट्रा ड्राय’ यांपैकी कोणती कशासाठी घ्यावी हे सांगणारे काउंटरपलीकडे क्वचितच कोणी भेटते. या परीक्षणाचा विषय आहे मार्टिनी एक्स्ट्रा ड्रायची ७५० मिलीलिटरची बाटली. ती नुसती चाखून, तसेच व्हिस्कीच्या एका जुन्या कॉकटेलमध्ये वापरून पाहिली आणि घरी ठेवताना तिच्यात काय बदल होतो याकडेही लक्ष दिले. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. बाटली घेण्याजोगी आहे. मात्र या कॉकटेलचे यश व्हिस्कीच्या किमतीपेक्षा व्हर्मूथच्या आणि लिंबाच्या ताजेपणावर जास्त अवलंबून असते, आणि ही गोष्ट आपल्याकडे ना विकणारा मनावर घेतो, ना विकत घेणारा.

व्हर्मूथ ही मुळात वाईनच आहे. तीत थोडे तीव्र मद्य घालून तिची ताकद वाढवतात आणि साली, मुळे, फुले व पाने यांचा अर्क मिसळून तिला सुवास देतात. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तीत किमान ७५ टक्के वाईन असावी लागते, मद्यार्काचे प्रमाण १४.५ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते आणि सुवासी वनस्पतींत आर्टेमिसिया कुळातली वनस्पती असणे बंधनकारक असते. हे कुळ आपल्याला परके नाही. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला आहे, आणि ज्याने दवण्याची काडी बोटांत चुरडून वास घेतला आहे त्याला व्हर्मूथच्या पहिल्या घोटातला तो कडवट, उग्र, तरीही हवाहवासा धागा लगेच सापडेल. गोडीचेही नियम ठरलेले आहेत. ‘एक्स्ट्रा ड्राय’ म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅमपेक्षा कमी साखर, आणि ‘स्वीट’ म्हणजे १३० ग्रॅम किंवा त्याहून अधिक. रोसो या दुसऱ्या गटात मोडते. एकीच्या जागी दुसरी वापरली तर काय होईल, याचा अंदाज या दोन आकड्यांवरूनच यावा.

ज्या कॉकटेलमध्ये ही बाटली वापरून पाहिली त्याचे नाव स्कॉफलॉ. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. ती धाब्यावर बसवून पिणाऱ्यांसाठी तिथे एक निंदाव्यंजक शब्द मुद्दाम घडवला गेला आणि जानेवारी १९२४ मध्ये तो जाहीर झाला. त्याच महिन्यात पॅरिसच्या हॅरीज न्यूयॉर्क बारने तोच शब्द नाव म्हणून उचलून हे पेय ग्राहकांपुढे ठेवले. राय व्हिस्की (राय या गव्हासारख्या धान्याची), ड्राय व्हर्मूथ, लिंबाचा रस आणि डाळिंबाचे सरबत म्हणजे ग्रेनेडीन, एवढाच त्याचा कारभार. दारूबंदीची टर उडवण्यासाठी जन्मलेले हे पेय महाराष्ट्रात कायदेशीरपणे घरी करायचे, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा परवाना खिशात असावा लागतो, हा योगायोग मला गंमतीदार वाटतो. विदेशी मद्यासाठी हा परवाना एक दिवसासाठी ५ रुपयांत, वर्षासाठी १०० रुपयांत आणि आजीवन १,००० रुपयांत मिळतो, आणि व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. ज्यांना वर्षातून दोन-तीन बाटल्या घ्यायच्या असतात त्यांनीही आजीवन परवाना काढून मोकळे व्हावे, असे माझे मत आहे.

आता खरेदीकडे वळतो. नौपाडा आणि घोडबंदर रस्ता या दोन्ही भागांतल्या दुकानांत ही बाटली मला दिसली, पण दुकानादुकानांत फरक आहे आणि तो किमतीपुरता नाही. एका दुकानात ती दर्शनी काचेच्या कपाटात, दुपारचे ऊन थेट पडेल अशा जागी उभी होती. खांद्यावर धुळीचा थर, लेबलाचा एक कोपरा उन्हाने पिवळा पडलेला. आयातीची तारीख पाहण्यासाठी मी बाटली मागितली, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काका, ही कोण नेत नाही, शोसाठी ठेवलीय. व्हिस्की दाखवू का?” त्याच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी तेवढी थोडी! ती बाटली मी घेतली नाही. व्हिस्की कपाटात वर्षानुवर्षे राहिली तरी फारसे बिघडत नाही, कारण तिच्यातले मद्यार्काचे प्रमाण तिला सांभाळते. व्हर्मूथमध्ये व्हिस्कीच्या निम्म्याहून कमी मद्यार्क आणि किमान तीन-चतुर्थांश वाईन असते; ऊन आणि उष्णता तिला झाकण न उघडताही म्हातारी करतात. म्हणून मागच्या बाजूचे आयातदाराचे स्टिकर वाचावे, त्यावरची तारीख पाहावी, आणि जिथे वाईनच्या बाटल्या वातानुकूलित खोलीत किंवा शीतकपाटात ठेवतात तिथूनच व्हर्मूथ घ्यावी. अशी दुकाने ठाण्यात आता आहेत. थोडे चालावे लागते इतकेच.

चांगल्या अवस्थेतली बाटली उघडल्यावर पहिला घोट नुसता, थंड करून घ्यावा. रंग अगदी फिका, गवती छटेचा. वासात आधी लिंबाची साल येते, मग वाळवलेल्या पाल्याचा गंध, आणि अगदी शेवटी रास्पबेरीसारखी एक फळाची छटा, जी शोधली तरच सापडते. जिभेवर ती कोरडी आहे, पण रुक्ष नाही. कडवटपणा घोट गिळल्यानंतर येतो आणि फार रेंगाळत नाही. फ्रान्समधल्या मार्सेयां गावी नॉयी प्रा या घराण्याची वाईन ओकच्या पिंपांत भरून उघड्यावर, ऊन-वारा खात मुरवतात, आणि तिला त्यामुळे जो भरदारपणा येतो तो या बाटलीत नाही. तिचा पिंडच हलका आहे. मात्र ती फ्रेंच बाटली ठाण्यातल्या दुकानांत मला पाहायला मिळालेली नाही, तेव्हा तुलना इथेच थांबवलेली बरी. लिंबू आणि डाळिंब यांच्यासोबत वापरायचे असेल तर हा हलकेपणा कामाचाच ठरतो, हे पुढे स्पष्ट होईल.

लिंबाविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण परदेशी कृतींमधले प्रमाण जसेच्या तसे उचलणाऱ्यांची फसगत इथेच होते. मूळ कृतीतले लिंबू म्हणजे पिवळे, जाड सालीचे, लांबट फळ. आपल्याकडे जांभळी नाक्याच्या मंडईत ढिगाने मिळते ते कागदी लिंबू. दोन्हींच्या रसाचा आंबटपणा साधारण सारखाच असला, तरी कागदी लिंबाचा गंध तिखट असतो आणि त्याच्या पातळ सालीतले तेल पिळताना रसात उतरून किंचित कडूपणा आणते. म्हणून जिथे २२ मिलीलिटर पिवळ्या लिंबाचा रस सांगितला आहे, तिथे कागदी लिंबाचा १५ ते १८ मिलीलिटर पुरतो. लिंबू पातळ सालीचे, पिवळेपणाकडे झुकलेले आणि हाताला जड लागणारे निवडावे. हिरवेगार, टणक लिंबू रस कमी देते आणि कडू जास्त. पिळताना शेवटचा थेंब काढण्याचा अट्टहास करू नये. बाटलीतला तयार लिंबूरस वापरण्यापेक्षा त्या दिवशी कॉकटेल न केलेले बरे, कारण त्याचा शिळा, उकडलेला वास व्हर्मूथच्या सगळ्या नाजूक गंधांवर पाणी फिरवतो. मॉलमधल्या फळांच्या विभागात आयात केलेली पिवळी लिंबे मिळतात आणि त्यांच्या सालीची सुंदर पट्टी निघते, पण रसापुरते पाहिले तर ती घेण्याची गरज मला वाटली नाही. सालीची हौस असेल तर मोसंबीची साल घ्यावी. तिच्यात तेलही भरपूर असते.

ग्रेनेडीनच्या बाबतीत तर महाराष्ट्रात राहणाऱ्याने बाजारातली लाल बाटली विकत घेणे म्हणजे निव्वळ आळस. त्या बाटल्यांत बहुधा साखर, आम्ल, रंग आणि कृत्रिम स्वाद असतो. डाळिंब असलेच तर चवीपुरते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या भागातल्या भगव्या वाणाचे गडद लाल दाणे ठाण्यातल्या कुठल्याही फळवाल्याकडे दिसतात. एका मध्यम फळाचा साधारण पाऊण वाटी रस निघतो. दाणे मिक्सरमध्ये फार वेळ फिरवू नयेत, कारण बिया भरडल्या की रस तुरट होतो. एक-दोन झटके देऊन मलमलीच्या फडक्यातून पिळून घ्यावा. रसाएवढीच साखर मापून घालावी, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ढवळावे आणि उकळी येण्याआधी गॅस बंद करावा. उकळलेल्या रसाला जॅमसारखा वास येतो आणि रंगही तपकिरीकडे झुकतो. स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले तर हे सरबत तीन आठवडे चांगले राहते, आणि घरातल्या न पिणाऱ्यांना सोड्यात घालूनही देता येते. आमच्याकडे ते कॉकटेलपेक्षा त्याच वाटेने लवकर संपते.

व्हिस्कीची निवड हा लोकांचा आवडता वादाचा विषय. मी तो थोडक्यात आटोपतो. मूळ पेयात राय आहे, म्हणजे जिच्या धान्यात किमान ५१ टक्के राय असते अशी अमेरिकी व्हिस्की, किंवा त्या काळी पॅरिसमध्ये मिळणारी कॅनडाची. ठाण्यात राय सहजासहजी मिळत नाही. जिम बीम किंवा तत्सम बर्बन, म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकी व्हिस्की, वापरल्यास व्हॅनिलासारखी गोडी येते आणि मग डाळिंबाचे सरबत थोडे कमी करावे लागते. गोव्याची पॉल जॉन ब्रिलियन्स ही ४६ टक्क्यांची, धुराचा स्पर्श नसलेली सिंगल माल्ट या पेयात मला सर्वांत आवडली, कारण तिच्यातला मधाळ, मसालेदार सूर व्हर्मूथच्या कडवट पाल्याशी भांडत नाही. बंगळूरची अमृत फ्यूजन ही उत्तम व्हिस्की आहे, पण तिच्यात स्कॉटलंडच्या पीटवर, म्हणजे दलदलीतून काढलेल्या मातीसारख्या इंधनावर, धुरावलेल्या बार्लीचा अंश असल्यामुळे लिंबासोबत धूर पुढे येतो आणि व्हर्मूथ मागे सरते. ती नुसतीच प्यावी. रोजच्या वापरातली ४२.८ टक्क्यांची भारतीय ब्लेंडेड व्हिस्की घेतली तरी पेय बिघडत नाही, आणि महागड्या बाटलीच्या मोहात पडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. शिळ्या व्हर्मूथसोबत सर्वोत्तम माल्टही मार खाते. ताज्या व्हर्मूथसोबत साधी व्हिस्की रुबाबात उभी राहते.

माझे प्रमाण असे ठरले: व्हिस्की ४५ मिलीलिटर, एक्स्ट्रा ड्राय व्हर्मूथ ३० मिलीलिटर, कागदी लिंबाचा रस १८ मिलीलिटर आणि घरच्या डाळिंबाचे सरबत १५ मिलीलिटर. ३० आणि ६० च्या खुणा असलेला पेग मेजर घरात असतोच, त्याखालच्या मापांसाठी औषधाच्या बाटलीसोबत येणारे प्लास्टिकचे छोटे माप अगदी चोख चालते. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्यावी. अट एवढीच, की तिच्यात पूर्वी लोणचे नसावे. बर्फ हा या पेयातला न मोजलेला घटक आहे. ज्या फ्रीजरमध्ये बोंबील आणि वाटण शेजारी शेजारी नांदतात, तिथला उघड्या ट्रेमधला बर्फ तोच वास पेयात आणतो, त्यामुळे झाकणाच्या डब्यात वेगळा बर्फ लावावा. भरपूर बर्फ घालून बारा ते पंधरा सेकंद जोरात हलवावे, शेकरच्या अंगावर धुके धरले आणि हाताला बोचू लागले की थांबावे, आणि चहाच्या बारीक गाळणीतून आधीच थंड केलेल्या ग्लासात गाळावे. वर बर्फ घालू नये.

ग्लासात उतरते ते पेय फिक्या डाळिंबी रंगाचे, वर बारीक फेसाचे वलय असलेले. पहिल्या घोटात लिंबू आणि डाळिंब पुढे असतात, मधे व्हिस्कीची ऊब येते आणि गिळल्यानंतर व्हर्मूथ आपले अस्तित्व दाखवते. तो पाल्याचा कडवटपणा मागची गोडी पुसून टाकतो आणि पुढच्या घोटासाठी तोंड मोकळे करतो. व्हर्मूथ वगळून हेच पेय केले तर व्हिस्की सावरचा, म्हणजे व्हिस्की, लिंबू आणि साखर यांच्या पेयाचा, एक गोडसर भाऊबंद तयार होतो. तो वाईट नसतो, पण दुसऱ्या ग्लासाला कंटाळा आणतो. मार्टिनी एक्स्ट्रा ड्रायची किंमत वसूल होते ती इथे. तिच्याजागी रोसो घातली, तर साखर इतकी वाढते की सरबत जवळजवळ काढूनच टाकावे लागते, आणि गोव्याहून आणलेली गोड पोर्ट वाईन घातली तर द्राक्षाच्या जड गोडीखाली लिंबूच गुदमरते. रोसोसाठी लिंबाऐवजी नागपुरी संत्र्याचा रस जास्त योग्य, पण तो वेगळ्या पेयाचा विषय आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हे पेय आंबट-गोड लागते म्हणून हलके समजू नये. वरच्या प्रमाणात ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीतून सुमारे १९ मिलीलिटर आणि व्हर्मूथमधून जवळपास ५ मिलीलिटर शुद्ध मद्यार्क येतो. ३० मिलीलिटरच्या एका पेगमध्ये तो १३ मिलीलिटरपेक्षा थोडा कमी असतो. म्हणजे एक ग्लास हा जवळजवळ दोन पेगांच्या तोडीचा होतो. पाहुण्यांना तो ‘सरबतासारखा’ म्हणून देणे योग्य नाही, आणि ज्यांना गाडी चालवत कल्याणला किंवा वाशीला परत जायचे आहे त्यांना तर देऊच नये.

तक्रार करायची तर ती बाटलीच्या आकाराबद्दल, आणि ती एका घराण्यापुरती नसून या सगळ्याच प्रकाराबद्दल आहे. एका ग्लासात ३० मिलीलिटर, म्हणजे ७५० मिलीलिटरमध्ये पंचवीस ग्लास होतात. उघडलेली व्हर्मूथ फ्रिजमध्येही महिना, फार तर दोन महिने ताजी राहते. ठाण्यातल्या मे महिन्यात ती ओट्यावर राहिली तर आठवडाभरातच तिच्या वासात सुक्या सफरचंदासारखी मरगळ उतरते. दोघांच्या घरात, आठवड्याला एखाद्या संध्याकाळी पिणाऱ्यांकडून एवढी बाटली वेळेत संपणे कठीणच. यावरचा उपाय साधा आहे. १८० मिलीलिटरच्या रिकाम्या क्वार्टर बाटल्या गरम पाण्याने स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून घ्याव्यात आणि मोठी बाटली उघडल्या दिवशीच तीतली व्हर्मूथ या छोट्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून, घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये आत ठेवावी. हवेशी संपर्क कमी झाला की आयुष्य वाढते. बाहेर एका वेळी एकच क्वार्टर काढावा. त्या बाटल्यांवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे घरातल्या इतरांचे गैरसमजही टळतात.

ज्यांच्या घरी व्हिस्की सोडा किंवा पाण्यासोबतच घेतली जाते आणि तशीच आवडते, त्यांनी ही बाटली घेऊ नये. ती फ्रिजच्या दारात पडून राहील. ज्यांना लिंबू पिळण्याचा आणि डाळिंब सोलण्याचा कंटाळा नाही, त्यांनी ती अवश्य घ्यावी. उरलेली व्हर्मूथ वाया घालवण्याचे कारण नाही. लसणीच्या लोण्यात परतलेल्या कोळंबीवर तिचे दोन चमचे घालून आच मोठी केली की छान रस्सा उतरतो, आणि ज्या पाहुण्याला व्हिस्की नको असते त्याला ६० मिलीलिटर व्हर्मूथ, भरपूर बर्फ, सोडा आणि मोसंबीच्या सालीची एक पिळलेली पट्टी एवढ्यावर चांगले, मवाळ पेय देता येते. मार्टिनी एक्स्ट्रा ड्रायचा हलका पिंड त्या पेयात तर आणखीच शोभतो.